गाण्यावरची दुसरी सही

बँकेत व्हाउचर एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासून पास करायचं. लिहिणारा कितीही हुशार असो, स्वतःचं व्हाउचर त्याने स्वतः पास करायचं नाही. कारण आपलीच चूक आपल्याला दिसत नाही. माझी नोकरी या दुसऱ्या सहीत गेली. गाण्यालाही अशी दुसरी सही लागते, हे मात्र निवृत्तीनंतर कळलं. तिला मास्टरिंग म्हणतात.

गाणं आधी रेकॉर्ड होतं. मग गळा, पेटी, ढोलकी, टाळ यांचं प्रमाण जुळवतात, ते मिक्सिंग. त्यानंतर तयार गाणं एका त्रयस्थ, ताज्या कानापुढे ठेवायचं. खर्ज बोजड झालाय का, टाळ टोचतात का, आठ गाणी एकाच घरातली वाटतात का, हे तो कान पाहतो आणि मगच गाणं बाहेर सोडतो.

काम तसं जुनंच आहे. १९०२ साली गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजानचा आवाज तबकडीवर घेतला, तेव्हापासून आपल्याकडे गाणं खाचांत मावू लागलं. खर्जाला खाच रुंद लागते. पुढे विजेवर रेकॉर्डिंग होऊ लागल्यावर खर्ज कमी करून खाच कोरायची आणि वाजवताना यंत्राने तो भरून काढायचा, अशी रीत पडली. १९५४ साली अमेरिकेत तिचं प्रमाणही ठरलं. तबकडी कोरणाऱ्या कारागिराला असं मापात राहावंच लागे. १९८२ साली सीडी आली आणि खाचांची अडचण संपली. मग सुरू झाली मोठ्या आवाजाची शर्यत. ती आता आमच्या लोहाऱ्यापर्यंत पोचली आहे.

लोहारा यवतमाळला अगदी लागून. आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी घरोघरी ठाऊक. माझ्या ओळखीच्या एका भजनी मंडळाने वर्गणी काढून शहरात चार भजनं रेकॉर्ड केली. मुख्य गायक ऐंशीच्या घरातले. त्यांच्या आवाजाचं हे एकच रेकॉर्डिंग. पोरं मोबाइल घेऊन आली, "काका, ऐका ना, आवाज कसा दणकून आला!"

दणकून आला होता खरा. पण आजोबांनी हळू ओळ म्हणावी आणि मागून सगळ्यांनी ती उचलावी, ही भजनातली चढण सपाट झाली होती. खंजिरीवरची थाप आणि तिच्या चकत्यांची किणकिण यांत भेद उरला नव्हता. लिमिटर नावाचं साधन आवाजाची टोकं दाबतं. मग सगळाच आवाज वर चढवता येतो. उंच झाडांचे शेंडे छाटून सारं रान वर उचलावं, तसं हे. जपून वापरलं तर उपयोगी. हावरटपणाने वापरलं तर गाण्याचा श्वास कोंडतो.

गंमत म्हणजे या दणक्याचा फायदाही होत नाही. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी साधारण एकाच पातळीवर, म्हणजे उणे १४ लफ्सच्या आसपास आणून ऐकवतात. यूट्यूबही फार मोठा आवाज खाली आणतं. मोठेपणा तिथे काढून घेतला जातो, सपाटपणा तेवढा राहतो. जादा व्याजाच्या आशेने मुदतठेव मोडावी आणि हाती दंड यावा, त्यातला प्रकार.

आता संगणकही स्वस्तात मास्टरिंग करून देतो; लँडर नावाची अशी सेवा २०१४ पासून आहे. घाईच्या वेळी ती चालेल. पण दंडारीतला घुंगरांचा खणखणाट हा दोष, की तीच त्या गाण्याची ओळख, हे तिला कोण सांगणार? ते ठरवायला ती दंडार पाहिलेला, निदान ऐकलेला माणूस हवा.

मंडळाकडे सुदैवाने मूळ मिक्स शिल्लक होतं. ते दुसऱ्या एका जाणकाराला दिलं. त्याने थोडा खर्ज आवरला, टाळांची धार बोथट केली, बाकी फारसा हात लावला नाही. नवी प्रत ऐकून पोरं आधी हिरमुसली, "काका, हे तर बारीक वाटतं." मोठा आवाज कानाला नेहमीच आधी चांगला वाटतो. मग दोन्ही प्रती सारख्या आवाजावर ऐकवल्या. नव्या प्रतीत ओळ उचलण्यापूर्वी आजोबांनी घेतलेला श्वास ऐकू आला, तशी खोली गप्प झाली. तिथे कुणी निराळा कौल मागितला नाही.

गावोगावी आता मंडळं, शाहीर, पोळ्याच्या झडत्या म्हणणारे स्वतःच्या पैशाने रेकॉर्डिंग करू लागले आहेत. त्यांना एवढंच सांगणं : ज्याने मिक्स केलं त्याच्याकडून शेवटचा हात शक्यतो फिरवून घेऊ नका. प्रत मंजूर करण्याआधी ती मोबाइलवर, रिक्षात आणि देवळाच्या कर्ण्यावर ऐका. आणि न दाबलेलं मूळ मिक्स मागून घ्या, दोन ठिकाणी जपून ठेवा. मास्टर पुन्हा करता येतो. ऐंशी वर्षांचा गळा पुन्हा स्टुडिओत नेता येईलच असं नाही.