क्यासनूर जंगल रोग : प्रतिबंध व रुग्णसेवा

गोचिडीच्या दंशाने माणसास होणारा विषाणुजन्य व काही वेळा रक्तस्रावी स्वरूप धारण करणारा ज्वर. पश्चिम घाटालगतच्या कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, गोवा व महाराष्ट्र या राज्यांतील वनप्रदेशांत तो आढळतो. कोकणात व गोव्यात यास ‘माकडताप’ म्हणतात. हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे; कारण माकड हे माणसाप्रमाणेच या रोगाचे भक्ष्य असून रोग देते ती गोचीड. रोग एका माणसाकडून दुसऱ्यास होत नाही.

तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात १९५७ च्या मार्चमध्ये क्यासनूर जंगलात वानरे मरून पडू लागली व आसपासच्या खेड्यांत तीव्र तापाचे रुग्ण आढळले. आशिया खंडात तोवर कधीही न आलेला पीतज्वर येऊन पोहोचला की काय, अशी प्रथम भीती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) टेलफर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो इत्यादींनी विषाणू वेगळा केला, तेव्हा तो रशियातील गोचीडजन्य मस्तिष्कशोथाच्या विषाणूशी नाते सांगणारा निघाला.

हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही रोगाची प्रमुख वाहक गोचीड होय. तिचे डिंभ लहान सस्तन प्राणी व पक्षी यांचे रक्त शोषतात, तर प्रौढ गोचीड गुराढोरांवर वाढते; त्यामुळे जंगलातील चराईने गोचिडींची संख्या वाढते. माणसास बहुधा दंश होतो तो डिंभ व प्रौढ यांमधील ‘अर्भक’ या अवस्थेत. अर्भक इतके बारीक असते की, ते अंगावर चढल्याचे कळतही नाही. साधारणतः नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत अर्भके जंगलातील पाचोळ्यात विपुल असतात व रोगाचाही हंगाम तोच.

दंशानंतर ३ ते ८ दिवसांत थंडी वाजून एकाएकी ताप, तीव्र डोकेदुखी, स्नायुदुखी, उलट्या व काहींच्या बाबतीत नाक, हिरड्या वा आतड्यांतून रक्तस्राव अशी लक्षणे दिसतात. १० ते २० टक्के रुग्णांत काही दिवसांच्या उतारानंतर ताप पुन्हा येतो व त्यात कंप, भ्रम, दृष्टिदोष इ. मज्जासंस्थेची लक्षणे असतात. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के आहे. यावर रामबाण औषध नाही. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात १९७५ नंतर ओळखला गेलेला लाइम रोगही गोचीडजन्यच. परंतु तो जीवाणुजन्य असल्याने वेळीच दिलेल्या प्रतिजैविकाने बरा होतो, आणि तेथे दंशानंतरही सेवेला पुष्कळ वाव राहतो. क्यासनूर रोगात मात्र सेवेचा मुख्य भार दंशापूर्वीच उचलावा लागतो.

या पूर्वसेवेचा पहिला आधार म्हणजे मेलेले माकड. वानर व लाल तोंडाचे माकड या रोगाने सहज मरतात. मृत देहावरील गोचिडी तेथेच गळून पडतात आणि ती जागा माणसास धोक्याची होते. म्हणून गुराखी, लाकूडतोडे वा वनरक्षक यांनी दिलेल्या वार्तेवरून मृत माकडाची तपासणी करतात, सभोवती मॅलॅथिऑनसारखे कीटकनाशक धुरळतात आणि लगतच्या गावांना सावध करतात. ही साखळी जेथे तुटते तेथे पहिली वार्ता माकडाची नव्हे, तर रुग्णाची येते.

जंगलात जाणाऱ्यांना आरोग्य केंद्रांतून गोचीडरोधक तेल देतात. पूर्वी डायमिथिल थॅलेट वापरीत. पुढे भारतीय संरक्षण संशोधकांनी विकसित केलेले डायइथिल फिनाइल ॲसिटामाइड (डेपा) प्रचारात आले. त्याचा परिणाम काही तासच टिकतो. परतल्यावर गरम पाण्याने व साबणाने स्नान, कपडे उकळत्या पाण्यात धुणे आणि काखा, जांघा, कानामागील भाग तपासणे आवश्यक असते. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. ती चिरडू नये, तसेच रॉकेल किंवा जळती काडी लावू नये. घराभोवती पाचोळ्याचे ढीग रचणेही टाळावे.

कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढविलेल्या व फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस कर्नाटकात १९९० पासून देण्यात आली. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी वर्धक मात्रा व पुढेही वर्धक मात्रा असा तिचा दीर्घ क्रम होता. टोचण्याची जागा फार दुखत असल्याने अनेक जण पहिल्या मात्रेनंतर परत येत नसत. २००५–१० मधील माहितीनुसार दोन मात्रांनी सु. ६२ टक्के व वर्धक मात्रेसह सु. ८३ टक्के संरक्षण मिळे. म्हणजे लस घेणाराही निर्धास्त नव्हता. पुढे तिची क्षमता कमी भरू लागल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला व नव्या लशीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतले.

अनेक दशके शिमोगा व लगतच्या जिल्ह्यांपुरता मानला गेलेला हा रोग २०१२ नंतर बंदीपूर, नीलगिरी, वायनाड अशा दूरच्या भागांत आढळला. २०१५ मध्ये तो गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात प्रकटला. या दोन्ही तालुक्यांत काजूच्या बागा जंगलास लागून आहेत व बी गोळा करण्याचा हंगाम नेमका रोगाच्या ऐन भरात येतो. ‘जंगलात जाऊ नका’ ही सूचना फलकावर लिहिणे सोपे. वर्षाची कमाई त्याच दोन-तीन महिन्यांत करणाऱ्या मजुरास ती पाळता येत नाही. त्यामुळे तेल बागेपर्यंत पोहोचविणे हेच अशा ठिकाणी खरे काम ठरते.

ताप आल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातील विषाणूचे जनुकद्रव्य व नंतर प्रतिपिंडे तपासून निदान होते. डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस व हिवताप यांच्याशी लक्षणे मिळतीजुळती असल्याने जंगलात गेल्याची चौकशी डॉक्टराने न केल्यास नमुनाच पाठविला जात नाही. उपचारात शरीरातील द्रव व रक्तदाब राखणे, रक्तबिंबिकांवर लक्ष ठेवणे आणि आवश्यक तर रक्त देणे यांचा समावेश होतो. ॲस्पिरीनसारखी रक्तस्राव वाढविणारी औषधे देत नाहीत. ताप उतरला तरी रुग्णास काही आठवडे देखरेखीखाली ठेवावे लागते. दुसरा ज्वर याच काळात येतो आणि अशक्तपणा त्याहूनही अधिक काळ टिकतो.