ओसाकाला चार दिवस : मुक्काम कोठे करावा?

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभास मानवंदना देण्यासाठी दुरून येणारे बांधव आदल्या रात्री कोठे उतरतात, यावर त्यांचा सारा दिवस ठरतो. पाबळ-शिक्रापूर भागातील आपल्या लोकांना हे सांगावयास नको. ज्याला शिक्रापूरकडे पाहुण्यांची ओसरी मिळाली, तो पहाटेच स्तंभापाशी पोहोचतो. स्वस्त लॉज पाहून पुणे स्टेशनला उतरलेला माणूस अर्धा दिवस बसच्या रांगेत घालवतो. परदेशात थोड्या दिवसांसाठी जाताना गणित हेच असते, फक्त तेथे वाया गेलेला दिवस फार महाग पडतो.

जपानचा विचार आपण करावा याला एक खास कारण आहे. वाकायामा प्रांतातील कोयासान विद्यापीठात १० सप्टेंबर २०१५ रोजी प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. कोयासान हे डोंगरावरचे गाव. भिक्खू कुकाई यांनी इ. स. ८१६ च्या सुमारास तेथे धम्मकेंद्र स्थापिले. जवळचे मोठे शहर ओसाका. शिक्षणासाठी वा कामासाठी जपानला गेलेला आपला विद्यार्थी किंवा आयुष्यभराची पुंजी खर्चून निघालेले उपासक दांपत्य, दोघांच्याही हाती बहुधा चारच दिवस असतात.

ओसाकात उतरण्याची ठिकाणे मुख्यत्वे दोन : उत्तरेला उमेदा आणि दक्षिणेला नाम्बा. उमेदा भपकेदार आहे, आणि क्योतोला जाणाऱ्यास सोयीचे आहे. परंतु आपल्या माणसाने नाम्बाच धरावे असे माझे स्पष्ट मत आहे. कारण रेल्वेचे आहे. नानकाई या खाजगी कंपनीची गाडी विमानतळावरून सुमारे पाऊण तासात सरळ नाम्बाला आणते, आणि कोयासानची गाडीही याच स्थानकातून सुटते. शेजारच्या किंतेत्सु स्थानकातून सुमारे चाळीस मिनिटांत नारा येते. नाराच्या तोदाइजी विहारातील कांस्य बुद्धमूर्ती सुमारे १५ मीटर उंच आहे. इ. स. ७५२ मध्ये तिच्या नेत्रोन्मीलनाचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूने केला होता! एवढ्या जवळ जाऊन ती न पाहता परतणे बरे नव्हे.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. जपानी रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येनांचा झाला. तो जे. आर. गाड्यांचा पास आहे; नानकाई आणि किंतेत्सु या गाड्यांना चालत नाही. वरील प्रवासासाठी तो घेऊ नये, साधी तिकिटे काढावीत.

नाम्बाला 'बिझनेस हॉटेल' म्हणतात तसल्या साध्या हॉटेलात उतरावे. खोली इतकी लहान की पलंग सोडला तर बॅग उघडावयास जागा नसते. पण ती स्वच्छ असते आणि स्नानगृह आतच असते. खोली साधारणतः दुपारी तीननंतर मिळते. तोपर्यंत सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवता येते.

चारपैकी एक रात्र मात्र कोयासानलाच काढावी. बरेच प्रवासी सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. ते पुतळ्याला अभिवादन करू शकतात, परंतु तेथील खरा अनुभव त्यांच्या हाती लागत नाही. गावात शंभरावर विहार आहेत आणि त्यांपैकी सुमारे ५० विहारांत पाहुण्यांना उतरू देतात. या निवासाला 'शुकुबो' म्हणतात. जमिनीवर गवती चटई आणि वर गादी. कांदा-लसूणही नसलेले शाकाहारी जेवण. सकाळी सहा-साडेसहाला प्रार्थना. संध्याकाळी ओकुनोइनच्या दोन किलोमीटर वाटेवर उंच सुरूसारख्या झाडांखाली दोन लाखांहून अधिक समाध्या लागतात. दिवसाच्या गर्दीत त्या वाटेची शांतता कळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. हा पंथ शिंगोन, म्हणजे वज्रयानी. मंत्र, होम, मृतांसाठीचे विधी हे तेथे चालते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या उपासकास ते परके वाटेल. मागे शांत बसून पाहावे. तेथे वाद घालू नये, आणि आपल्याला न पटणारे करावयासही कोणी भाग पाडत नाही.

शुकुबोचे भाडे खोलीवर नसून माणशी असते. दोन जेवणे धरून ते दहा हजार येनांच्या वर, पुष्कळ ठिकाणी पंधरा हजारांच्याही वर जाते. म्हणून एकच रात्र. स्नानगृह बहुधा सामाईक असते; बाहेर अंग साबणाने धुऊन मगच गरम पाण्याच्या हौदात उतरावयाचे असते. गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते, म्हणून स्वेटर-कानटोपी हवीच.

वेळेचे भान सर्वांत महत्त्वाचे. जेवण साडेपाच-सहालाच वाढतात, त्यामुळे पाचच्या आत पोहोचावे लागते. नाम्बाहून रेल्वे, मग डोंगर चढणारी केबल गाडी, मग बस असे सव्वादोन-अडीच तास धरावेत, आणि दुपारी एकच्या सुमारास निघावे. मोठी बॅग नाम्बा स्थानकाच्या लॉकरमध्ये ठेवून एका पिशवीत रात्रीपुरते कपडे न्यावेत. एप्रिलचा फुलांचा व नोव्हेंबरचा रंगीत पानांचा हंगाम असेल, तर खोली काही महिने आधीच राखून ठेवावी.