मोटारीच्या मापकांचे काटे का चुकतात?

तंजावर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शहर. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस तेथील हवेत ओल भरून ठेवतो. ही ओल जुन्या मोटारींस बाधते. उत्तरपाडा येथे १९५७ ते २०१४ पर्यंत तयार झालेली अँबॅसडर किंवा तशाच घडणीची एखादी जुनी गाडी अशा हवेत चार-सहा महिने उभी राहिली, की पुढे ती चालू होते खरी. परंतु डॅशबोर्डवरील पेट्रोलमापकाचा काटा भरलेल्या टाकीस अर्धी म्हणू लागतो. पुष्कळदा मापकच बिघडले असे समजून नवे आणले जाते, आणि तेही तेच सांगते.

याचे कारण समजण्यास विद्युत्प्रवाहाचा मार्ग पाहिला पाहिजे. घरातील दिव्यास दोन तारा लागतात. मोटारीत बहुतेक ठिकाणी एकच तार असते. परतीचा मार्ग म्हणजे गाडीचे लोखंडी अंगच. यास कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. टाकीत तरंगणारा पोकळ गोळा एक बदलता रोध हलवितो. या पिढीतील अनेक गाड्यांत टाकी भरली की रोध कमी होतो, रिकामी झाली की वाढतो. समजा, भरलेल्या टाकीचा रोध २० ओहम आहे, आणि टाकी जेथे अंगास जोडली आहे तेथे गंजामुळे आणखी ५० ओहम रोध उत्पन्न झाला. मापकास हा भेद कळत नाही. त्याच्या लेखी रोध ७० ओहम, म्हणजे पेट्रोल कमी.

पेट्रोलचा काटा असा खाली राहिला तर फार तर पंपावर एक खेप अधिक पडते. इंजिनाच्या तापमापकात हीच चूक घातक ठरते. तेथील संवेदक तापला की त्याचा रोध घटतो व काटा चढतो. जोड गंजला तर काटा खालीच राहतो. मे महिन्यातील उन्हात रेडिएटरमधील पाणी उकळू लागले तरी चालकास इंजिन थंड भासते.

दोन्ही काटे एकदमच चुकू लागल्यास दोष सामाईक भागात शोधावा. पुष्कळ गाड्यांत बॅटरीच्या चढउताराचा परिणाम होऊ नये म्हणून मापकांस सरासरी १० व्होल्ट पुरविणारी एक लहान डबी असते. तिचा अर्थ तुटला तर पूर्ण १२ व्होल्ट मापकांपर्यंत पोहोचतात आणि दोन्ही काटे वाजवीपेक्षा वर जातात.

एकच काटा चुकत असेल तर परीक्षा सोपी आहे. किल्ली बंद ठेवून, टाकीवरील संवेदकाची धातूची कडी आणि गाडीचे स्वच्छ घासलेले लोखंड यांस तारेच्या एका तुकड्याने घट्ट जोडावे. मगच किल्ली फिरवावी. हा क्रम उलटू नये, कारण पेट्रोलच्या वाफेजवळ एक ठिणगीही पुरते. डॅशबोर्डच्या मागे हात घालण्यापूर्वी तर बॅटरीची तार सोडवावीच. काटा योग्य जागी आला तर मापक निर्दोष आहे. मग मूळ जोड सोडून पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत घासावा, आवळावा आणि वरून व्हॅसलीनचा थर द्यावा. काटा हललाच नाही, तर संवेदकापासून मापकापर्यंतची तार तपासावी. रबराचे आवरण तडकून ती वाटेत कोठे तरी अंगास टेकलेली वा तुटलेली सापडते.