पॉलिहाऊसमधली भाजी: विषही नाही, अमृतही नाही

दादरला प्लाझाजवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील मंडईत किंवा ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत लाल-पिवळी भोपळी मिरची, बिनबियांची लांब काकडी, चेरी टोमॅटो यांचं आता कोणाला नवल वाटत नाही. परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या हॉटेलांना तर ही भाजी रोज लागते. यातला बराच माल पुणे, सातारा, नाशिककडच्या पॉलिहाऊस आणि शेडनेटमधून येतो. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झालं आणि अनुदानाच्या आधाराने राज्यात ही शेती पसरली. भाजी घराघरांत पोचली, पण तिच्याविषयीची नेमकी माहिती मात्र मागेच राहिली. गिरगाव-लालबागच्या घरांतून हमखास ऐकू येणारे काही समज म्हणूनच तपासून पाहू.

गैरसमज १: मिरचीला रंग लावतात, आणि बियाणं 'जीएम' असतं.

वस्तुस्थिती: लाल-पिवळी भोपळी मिरचीही झाडावर आधी हिरवीच असते. ती न तोडता पिकू दिली की वाणाप्रमाणे लाल किंवा पिवळी होते. त्यासाठी फळ आणखी काही आठवडे झाडावर राखावं लागतं, आणि तेवढ्या काळात पाऊस, कडक ऊन, कीड यांपासून ते जपावं लागतं. भाव चढा असतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे. पिकलेल्या लाल मिरचीत हिरवीपेक्षा क जीवनसत्त्वही जास्त असतं. पॉलिहाऊसमधल्या काकडीच्या वाणांत परागीभवनाशिवाय फळ धरतं, म्हणून तिच्यात बिया भरत नाहीत. ही बियाणी संकरित असतात, जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेली नव्हेत. बीटी वांगं या जीएम भाजीला सरकारने फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. जनुकीय बदल केलेली कोणतीही भाजी पिकवायला देशात आजवर परवानगी मिळालेली नाही.

गैरसमज २: आत कीड शिरतच नाही, त्यामुळे फवारणी होत नाही.

वस्तुस्थिती: हा समज सर्वांत जास्त फसवा आहे. बाजूच्या जाळीने अळ्यांचे पतंग आणि मोठे कीटक अडतात. फुलकिडे, लाल कोळी, पांढरी माशी मात्र आत पोचतातच, आणि उबदार हवेत झपाट्याने वाढतात. दमट हवेत भुरीसारखे रोग येतात. त्याच वाफ्यात तेच पीक पुन्हा पुन्हा घेतलं की मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी जमिनीत ठाण मांडतात. जाणता शेतकरी माशीसाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावतो, ट्रायकोडर्मासारखी जैविक बुरशी वापरतो, लागवडीआधी माती उन्हात तापवतो. तरीही गरज पडली की औषध मारावं लागतं. तेव्हा महत्त्वाचा प्रश्न एवढाच, की फवारणी आणि तोडणी यांत ठरलेलं अंतर पाळलं का. पॉलिहाऊसची भाजी म्हणजे आपोआप सेंद्रिय भाजी नव्हे.

आणि उघड्यावरची भाजी आपोआप स्वच्छ, हेही खरं नाही. मुंबईच्या उपनगरांत रेल्वे रुळांलगत सांडपाण्यावर वर्षानुवर्षं पालेभाजी पिकत आली आहे. भाजीचा चांगलेपणा छतावरून ठरत नाही. तिला कुठलं पाणी मिळालं, कोणतं औषध मारलं आणि पिकवणाऱ्याने किती शिस्त पाळली, यावर तो ठरतो.

गैरसमज ३: ही भाजी मातीविना, नुसत्या रसायनांच्या पाण्यावर वाढते.

वस्तुस्थिती: ती पद्धत हायड्रोपोनिक्सची. महाराष्ट्रातल्या बहुतेक पॉलिहाऊसमध्ये लाल माती, शेणखत आणि भाताचं तूस मिसळून केलेले गादीवाफे असतात. काही ठिकाणी कोकोपीट वापरतात. विद्राव्य खतं ठिबकमधून थेट मुळांपाशी दिली जातात. खत शेणाचं असो वा पिशवीतलं, मुळं नत्र मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपातच घेतात.

गैरसमज ४: पॉलिहाऊस म्हणजे वातानुकूलित कारखाना, मग मुंबईच्या गच्चीवर का नको?

वस्तुस्थिती: हॉलंडची काचघरं थंडीत ऊब धरून ठेवण्यासाठी आहेत. आपली अडचण नेमकी उलटी: आतली उष्णता बाहेर कशी काढायची? म्हणून इथे बहुतेक पॉलिहाऊस नैसर्गिक वायुवीजनाची असतात. लोखंडी पाइपांचा उंच सांगाडा, वर साधारण २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, माथ्याशी गरम हवा निसटायला जागा आणि बाजूंना गुंडाळता येणारे पडदे, एवढीच रचना. तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागलं की टोमॅटो, मिरचीची फुलं गळतात. घाटमाथ्यापलीकडे रात्री गार होतात आणि त्याचा पिकाला फायदा मिळतो. दादर-परळची हवा मात्र रात्रीही उबदार आणि दमट. शिवाय समुद्राचा वारा अशा सांगाड्याला जोराने उचलतो. जुन्या चाळीच्या गच्चीवर तो उभारणं धोक्याचं आहे. कुंड्यांत मेथी, पुदिना, मिरची जरूर लावा. पण गच्चीवर ओल्या मातीचं वजन चढवण्याआधी ती किती भार पेलेल, हे अभियंत्याकडून तपासून घ्या.

गैरसमज ५: अनुदान मिळतं, भावही चढा, म्हणजे शेतकऱ्याची चांदीच.

वस्तुस्थिती: अनुदान सरकारी मापदंडाने ठरलेल्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतं, तेही सहसा आधी पदरचा पैसा घालून. उरलेलं कर्ज. दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभारायलाही लाखो रुपये लागतात, आणि काही वर्षांनी कागद बदलायचा खर्च पुन्हा येतोच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं आणि मावळ, जुन्नरपर्यंत पॉलिहाऊसचे कागद फाटले, सांगाडे वाकले. २०१७ च्या कर्जमाफीची मर्यादा दीड लाख रुपये होती. पॉलिहाऊसच्या मोठ्या कर्जापुढे ती तोकडी पडली. मुंबईत भाव उतरला की ग्राहक खूश होतो, पण कर्जाचा हप्ता उतरत नाही.

गैरसमज ६: ही शेती पर्यावरणाला पूर्णपणे पोषक.

वस्तुस्थिती: पाण्याच्या बाबतीत बरंचसं खरं. ठिबकमुळे पाणी वाचतं, आणि छतावरचा पाऊसही साठवता येतो. ७०० मिलिमीटर पावसाच्या गावात १,००० चौरस मीटर छतावर जवळपास ७ लाख लिटर पाणी पडतं. शेततळं असेल तर त्यातलं बरंच कामी येतं. दुसरी बाजू प्लॅस्टिकची. फाटलेला कागद बांधावर जाळला तर हवा बिघडते, मातीत गेला तर त्याचे तुकडे उरतात. तो परत घेऊन त्याचा पुनर्वापर करण्याची चोख सोय गावोगावी व्हायला हवी.

ग्राहकाने काय करावं? भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. 'पॉलिहाऊस' या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत. सेंद्रिय म्हणून विकत असतील तर प्रमाणपत्र मागावं. नेहमीच्या विक्रेत्याला माल कुठल्या गावचा, कधी तोडलेला, हे विचारावं. असे प्रश्न मंडईत रोज विचारले गेले तर व्यापारीही ते शेतकऱ्याला विचारू लागेल, आणि काळजीने पिकवणाऱ्याच्या मालाला वेगळा भाव मिळण्याची वाट मोकळी होईल.