अंधारखोलीचे सिंक आणि तळोद्याचा साग

छायाचित्रे स्वतःच्या हाताने धुण्याचा आणि छापण्याचा ज्यांना नाद लागतो, त्यांचा पहिला पैसा एन्लार्जर आणि त्याच्या लेन्सवर खर्ची पडतो, दुसरा कागदावर व रसायनांवर. आणि ज्या जागेपाशी तासन् तास उभे राहून या सगळ्या खटाटोपाचे फळ हाती यायचे, त्या सिंकचा विचार मात्र बाकी सारे मांडून झाल्यावर, उरलेल्या कोपऱ्यात मावेल ते बसवावे, अशा रीतीने उरकला जातो. हा क्रम उलटा असावा असे माझे स्पष्ट मत आहे. लेन्स पुढे केव्हाही बदलता येते. पण सिंक एकदा जागेवर बसले आणि पाण्याच्या निचऱ्याची वाट एकदा ठरली, की पुढची कित्येक वर्षे त्या खोलीतला आपला वावर तेच ठरवते.

घरातल्या घरात हे काम करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. 1913 साली प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दादासाहेब फाळके यांच्या दादरच्या बिऱ्हाडातच फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे चालत आणि सरस्वतीबाई त्यांत बरोबरीने राबत. मुंबईपासून दूर, तळोद्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी कोणी अंधारखोली उभारू म्हणेल, तर त्याला साधनांची वाण पडेल अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. सिंकच्या बाबतीत मात्र ती खरी नाही. ब्रिटिश अंमलातील गॅझेटियरांत तळोद्याची नोंद खानदेशातील इमारती लाकडाची सर्वांत मोठी पेठ म्हणून झालेली आहे. येथे बनणाऱ्या बैलगाड्या साऱ्या खानदेशात उत्तम गणल्या जात. ज्या मुलखात साग आणि सागाला हात लावणारा सुतार या दोहोंचा वारसा आहे, तेथे तयार सिंकसाठी शहराकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही.

मात्र सिंक कशासाठी हवे, हे आधी निश्चित केले पाहिजे. अंधारखोलीत सिंक हे हात धुण्याचे भांडे नसून ओल्या कामाचा सबंध ओटाच होय. त्यात ओळीने चार ट्रे बसले पाहिजेत : पहिला डेव्हलपरचा, दुसरा सौम्य ॲसेटिक आम्लाचा, तिसरा फिक्सरचा आणि चौथा पाण्याचा. 8 बाय 10 इंची कागदाचा ट्रे बाहेरून अदमासे 11 बाय 13 इंच भरतो. चार ट्रे आखूड बाजूने शेजारीशेजारी ठेवले आणि मापाचे भांडे ठेवण्याइतकी जागा राखली, की लांबी 5 फूट होते. 12 बाय 15 इंची कागद वापरावयाचा असेल, तर 6 फुटांखाली भागत नाही. रुंदी 2 फूट असावी, खोली 6 इंच पुरे. उंची आपल्या शरीराच्या मानाने ठरवावी : उभे राहून कोपर काटकोनात मोडले असता हात जेथे येतो, त्याच्या चार बोटे खाली सिंकची कड यावी. नळाची मान मात्र उंच असावी, म्हणजे दोन लिटरचे भांडे त्याखाली सरळ उभे राहील.

आता जिन्नस कोणता, हा खरा प्रश्न. स्वयंपाकघरातले स्टीलचे सिंक आणण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण त्यात जेमतेम दोन ट्रे मावतात, आणि त्याची खोली 8-10 इंच असल्याने दोन तासांत पाठ भरून येते. शिवाय 304 प्रतीच्या पोलादावर, म्हणजे ज्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते त्यावर, फिक्सर वाळत राहिला तर डाग आणि बारीक खड्डे पडू शकतात. 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असलेले 316 प्रतीचे पोलाद बरेच अधिक टिकते, पण त्याची किंमत हौशी माणसाला झेपणारी नसते. जस्ताचा पत्रा आणि पितळी जाळी यांच्या वाटेला तर जाऊच नये, कारण वापरलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी त्यांवर काळ्या पुटाच्या रूपाने बसते आणि तिच्या मोबदल्यात धातू झिजत जातो.

कडाप्पा किंवा शहाबादी फरशीचा ओटा बांधून घेण्याची सूचना गवंडी हमखास करील. तिचा स्वीकार करण्यापूर्वी त्या फरशीच्या तुकड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावेत : क्षणात बारीक बुडबुडे उठतात, आणि पुसल्यावर जेथे चकाकी होती तेथे पांढुरके, खरबरीत वर्तुळ उरते. हे दगड चुनखडीचे आहेत, आणि दुसऱ्या ट्रेमधून ठिबकणारे आम्ल दररोज हेच करीत राहणार. सिमेंटची गतही तीच. वर ते फिक्सर शोषून घेते आणि वाळल्यावर त्याची भुकटी हवेत सोडते, जी पुढे निगेटिव्हवर जाऊन बसते.

उरले लाकूड. पूर्वी पाश्चात्त्य देशांतील स्टुडिओंत शिशाचा पत्रा मढवलेली लाकडी सिंके असत. शिसे विषारी, म्हणून ती पद्धत आज त्याज्य. तिची जागा एपॉक्सी राळेने घेतली आहे, आणि तळोद्याच्या हवेत लाकडाच्या बाजूने एक निर्णायक कारण आहे.

ते कारण म्हणजे उष्णता. डेव्हलपरचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. येथे मे महिन्यात पारा 40 च्या पुढे जातो आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. 24 अंशांच्या वर फिल्मवरील जिलेटिनचा थर फुगून मऊ पडू लागतो, आणि गरम डेव्हलपरातून थंड पाण्यात एकदम गेला तर त्यावर सुरकुत्यांचे जाळे उमटण्याचे भय असते. यावर सिंक हाच उपाय आहे. निचऱ्याच्या तोंडात 2 इंच उंचीची प्लॅस्टिकची उभी नळी बसवली, की सिंकमध्ये तेवढे पाणी कायम उभे राहते, जास्तीचे नळीतून निघून जाते, आणि ट्रे त्या थंड पाण्यात बसून राहतात. 5 बाय 2 फुटांच्या सिंकमध्ये 2 इंच पाणी म्हणजे सुमारे 47 लिटर; ते 32 अंशांवरून 24 वर आणण्यास हिशेबाने साडेतीन ते चार किलो बर्फ लागतो, आणि रात्री काम केले तर त्याहून कमी. पोलाद ही थंडाई लवकर घालवते; लाकूड उष्णतेचा मंद वाहक असल्याने ती पुष्कळ वेळ राखते. म्हणून येथे मी निःसंशय लाकडाच्या पक्षाचा आहे.

बांधणीची तजवीज अशी. बाजूंना इंचभर जाडीच्या सागाच्या फळ्या असाव्यात; जुन्या घराच्या उतरवलेल्या तुळयांतून काढलेल्या मिळाल्या तर दुधात साखर, कारण ते लाकूड पुरते वाळलेले असते आणि वळत नाही. नवा माल घेणे असेल, तर तो पावतीनिशी, वखारीतूनच घ्यावा. तळाला आयएस 710 छापाचे 19 मिलिमीटरचे मरीन प्लाय, आणि त्याला निचऱ्याकडे दर फुटाला पाव इंच ढाळ. निचऱ्याचे भोक राळ लावण्याच्या आधी पाडावे. नंतर पाडले तर उघड्या कडेतून प्लाय पाणी पिते आणि वर्षभरात फुगते. कोपऱ्यांत राळ आणि लाकडाचा बारीक भुसा यांची लांबी भरून बोटाने गोलाई द्यावी, म्हणजे मळ साचणार नाही. साग तेलकट, त्यामुळे राळ त्याला सहज धरत नाही. प्रत्येक फळी ॲसिटोनने पुसून लगेच पहिला हात द्यावा. पांढऱ्या एपॉक्सीचे तीन हात झाले, की वर सागाच्या पट्ट्यांची जाळीदार चौकट ठेवावी, तिच्या खालच्या पट्ट्या ढाळाच्या हिशेबाने तासून घ्याव्यात, आणि ट्रे समपातळीत बसतात की नाही हे पाणसळ लावून पाहावे.

जुन्या घरात मोरी असेल, तर सिंक तिच्यावरच उभे करावे. नळी थेट मोरीत सोडता येते आणि भिंत फोडण्याची तसदी वाचते. पाणी भरल्यावर सिंकचे वजन मणाच्या वर जाते, तेव्हा पाय भक्कम आणि आडव्या दांड्यांनी जखडलेले असावेत. ट्रे मांडण्यापूर्वी सिंक काठोकाठ भरून एक रात्र तसेच ठेवावे; सकाळी खाली ओल दिसली, तर त्या सांध्यात पुन्हा लांबी भरावी.

वापरलेला फिक्सर मात्र त्या मोरीत कदापि सोडू नये. त्यातली चांदी नाल्यातल्या जीवांना अपायकारक असते. झाकणाचा प्लॅस्टिकचा कॅन सिंकच्या खालीच ठेवण्यास जागा राखावी, भरला की क्ष-किरण चित्रांच्या प्रयोगशाळांकडून असा वापरलेला फिक्सर नेणाऱ्या चांदी गाळणाऱ्यांना तो द्यावा, आणि सिंकची उंची ठरवताना या कॅनची उंचीही मापात धरावी.