विदर्भाच्या आकाशातील वाऱ्यांची आघाडी

शालेय भूगोलात पावसाचे तीन प्रकार शिकविले जातात : आरोह, प्रतिरोध आणि आवर्त. आवर्त पावसाची आकृती विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात. पण तिचा आपल्या विदर्भाशी काय संबंध, असे सहसा कुणी विचारीत नाही. संबंध आहे, आणि तो थेट संत्र्याच्या बागेपर्यंत पोहोचतो. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

एक हवा थंड व जड, दुसरी उबदार व हलकी. अशा दोन हवा समोरासमोर आल्या तर त्या लगेच मिसळत नाहीत. त्यांच्यामधील तिरप्या सीमेला आघाडी म्हणतात. हा शब्द युद्धातला आहे. पहिल्या महायुद्धानंतर लगेच नॉर्वेतील बर्गन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचे पुत्र याकोब व सहकारी यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा सैन्याच्या आघाड्या सर्वांच्या स्मरणात ताज्या होत्या. थंड हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसली तर ती शीत आघाडी. तिच्यासोबत गडगडाट आणि जोरदार सरी येतात. उबदार हवा थंड हवेच्या पाठीवरून सावकाश चढली तर ती उष्ण आघाडी. तिचा पाऊस संथ असतो.

शीत आघाडी अधिक वेगाने चालते. तिने उष्ण आघाडीला गाठले की मधली उबदार हवा जमिनीपासून उचलली जाते, आणि वादळाची शिदोरी संपते. दोन्ही बाजूंचे तापमान सारखे होत गेले किंवा वारे पांगू लागले, तरीही सीमा पुसट होऊन विरून जाते.

नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. युरोपातल्यासारखी ठसठशीत आघाडी येथे क्वचितच दिसते. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तानमार्गे येणारे पश्चिमी झंझावात आपल्या देशात पोहोचेपर्यंत बहुधा त्याच उतरत्या अवस्थेत असतात, आणि त्यांचा मुख्य पाऊस व बर्फ काश्मीर-हिमाचलकडे पडतो. परंतु वरच्या थरातील त्यांची थंड हवा कधी कधी मध्य भारतापर्यंत झुकते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आले, तर वायव्येच्या कोरड्या वाऱ्यांशी त्यांची गाठ आपल्याच डोक्यावर पडते. येथे फरक तापमानापेक्षा ओलाव्याचा अधिक असतो. दमट हवा जड असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात उलट आहे. पाण्याच्या वाफेचा रेणुभार 18, तर कोरड्या हवेचा सरासरी 29. म्हणून तापमान सारखे असताना दमट हवाच वर उचलली जाते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन तापू लागलेली असते आणि वर मात्र गारठा असतो. अशा वेळी उंच ढग उभे राहतात, त्यांतील थेंब गोठतात आणि गारा पडतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्रात अशीच गारपीट लांबली. हरभरा, गहू शेतात उभा आणि काटोल-नरखेडकडे आंबिया बहार झाडावर; शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट वेळ नाही.

असा एकटा ढग बहुधा तासाभरात विरतो. पावसाबरोबर खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरते व त्याच ढगाचा उबदार हवेचा पुरवठा तोडते. मात्र पसरता पसरता ती स्वतःच एक छोटी आघाडी बनते आणि काही किलोमीटरवर नवा ढग उभा करते. एका गावात गारांचा खच आणि शेजारचे गाव कोरडे, असे जे दिसते त्याचे एक कारण हेच आहे. पावसाआधी धूळ उडवीत येणारा गार झोत म्हणजे ही छोटी आघाडी. तो अंगाला लागला म्हणजे वीज जवळ आली असे समजून झाडाखालून निघावे व पक्क्या घरात जावे.

हिवाळ्यात झंझावात पूर्वेकडे सरकला की आकाश निवळते, उत्तरेचे कोरडे वारे सुरू होतात आणि रात्री जमिनीची उष्णता निर्वेध निघून जाते. उत्तरेच्या अशाच वाऱ्यांत 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचा पारा 3.5 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता.