पदरमोड आणि पुरावा

‘तो मनुष्य स्वतःचा पैसा स्वतःच्या देहावर खर्च करतो, त्यात कसला आला आहे स्वार्थ?’ अमेरिकेतील धनाढ्य उद्योजक ब्रायन जॉन्सन यांच्यासंबंधी हा युक्तिवाद इतक्या सुशिक्षित मुखांतून ऐकावा लागतो की, त्याची एकदा रीतसर शहानिशा केलेली बरी. २०१३ साली आपली ब्रेनट्री ही कंपनी ८० कोटी डॉलरांना विकल्यानंतर, वार्धक्य थोपविण्यासाठी ज्यांनी वर्षाकाठी सुमारे वीस लाख डॉलरांचा खर्च मांडला, त्यांच्या पदरमोडीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या ‘ब्लूप्रिंट’ नावाने हा प्रयोग गाजतो त्याच नावाने पूरक द्रव्ये आणि ऑलिव्हचे तेल विकले जाते, हा तपशील मात्र दर वेळी नेमका गळतो. विक्रेत्याचा देह हीच मालाची जाहिरात असेल, तर त्या देहावरील खर्च कीर्दीत कोणत्या खाती पडावा, हे कोणताही कारकून सांगेल.

तेवढ्यावरून ‘म्हणजे भोंदूच!’ असा निकाल देऊन मोकळे होणारेही चुकतात. कारण हेतूच्या शुद्धाशुद्धतेवर निष्कर्षाचे खरेखोटेपण अवलंबून नसते. १८८९ साली पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकार या थोर शरीरशास्त्रज्ञाने कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि गेलेली शक्ती परत आल्याचे विद्वत्सभेत निवेदन केले. इतर वैद्यांना तो अर्क विनामूल्य पुरवीत असल्यामुळे लोभाचा आरोपही त्याच्यावर येत नाही. आणि तरीही त्या जलीय अर्कात टेस्टोस्टेरॉन परिणामकारक प्रमाणात उतरतच नाही, हे २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच कृतीने अर्क काढून सिद्ध केले. याउलट वैद्य बॅरी मार्शल यांनी १९८४ साली जिवाणूंचे द्रावण प्राशन केले तेव्हा, या जंतूंमुळे जठराचा दाह होतो काय, एवढा एकच प्रश्न होता व त्याचे उत्तर थोड्याच दिवसांत दुर्बिणीच्या तपासणीने मिळाले. जॉन्सन यांच्या एकाच देहात आहार, निद्रा, व्यायाम आणि असंख्य गोळ्या एकाच वेळी कार्यरत असता, कोणत्या कारणाचे कोणते कार्य, हे तुलनेला दुसरा देह नसताना ठरवावे तरी कोणी आणि कसे?

उरलेल्या समजुतींना फार जागा देण्याचे कारण नाही. ‘तरुण रक्ताने तारुण्य येते’: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१९ मध्येच याविरुद्ध इशारा दिला होता, २०२३ साली पुत्राचा रक्तद्रव घेऊन पाहिल्यावर लाभ आढळला नसल्याचे खुद्द जॉन्सन यांनीच कळविले. ‘जैविक वय घटले, म्हणजे आयुष्य वाढले’: डीएनएवरील रासायनिक खुणांवरून वय अजमावणाऱ्या पद्धती अनेक आहेत, आणि एकाच माणसाविषयी त्यांचे एकमत होईल याची शाश्वती नाही. ‘दुष्परिणाम दडविले जातात’: उंदरांचे आयुष्य वाढविणारे रॅपामायसिन हे औषध वर्षानुवर्षे घेतल्यानंतर २०२४ साली ते सोडताना, त्वचेचे संसर्ग, रक्तातील स्निग्धांशाची बिघडलेली पातळी, वाढलेली शर्करा आणि विश्रांतीतही चढलेली नाडी, ही कैफियत जॉन्सन यांनी स्वतःच जाहीर केली; नफातोट्याचा हिशेब ठेवणाऱ्या इतर औषधविक्रेत्यांकडून एवढीही अपेक्षा सहसा ठेवता येत नाही.